लॅमिनेटरमधला गोंडा

नोरीन हेस्केथ हिला उंदरांची, झुरळांची, शाळेच्या मुताऱ्यांतल्या वासाची, कशाचीच किळस यायची नाही. मँचेस्टरजवळच्या हेल्मशॉच्या माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला असली किळस परवडतच नाही. तिला किळस यायची ती एकाच गोष्टीची, गरम प्लॅस्टिकच्या वासाची. लॅमिनेटर तापला की एक गोडसर, जळकट वास सुटतो. तो नाकात शिरला की ती आधी खिडक्या उघडायची, कारण वास आला म्हणजे कुणीतरी कुठल्यातरी देवाला प्लॅस्टिकच्या पाकिटात कोंबतंय, हे तिला न बघताच कळायचं.

धर्म हा तिचा विषय. शिकवायचा, पाळायला लावायचा नाही. अकरा ते सोळा वर्षांच्या पोरांना आठवड्यातून एक तास सगळ्या धर्मांची ओळख झाली पाहिजे असा नियम आहे, आणि तो एक तास भरून काढायला जे साहित्य निघतं ते बघण्यात तिची निम्मी हयात गेली होती. काय काय बघितलं नव्हतं तिनं! साखरेच्या चौकोनी खड्यांवर काळा रंग फासून केलेला काबा. सोमवारी त्याला मुंग्या लागलेल्या, आणि वर्गातला इम्रान बिचारा मान खाली घालून बसलेला. शेवटच्या भोजनाचं रंगवायचं चित्र, त्यात बाराही शिष्य कार्टूनसारखे डोळे मिचकावणारे. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ज्यूंच्या छळछावण्यांवरचं 'शब्द शोधा' कोडं. आडवे, उभे, तिरपे शोधायचे, आणि खाली कोपऱ्यात एक हसरा चेहरा म्हणतोय, सगळे सापडले? शाब्बास! तो कागद वाचून नोरीन खरोखर बाथरूममध्ये जाऊन चूळ भरून आली होती.

यातला थोडा चिखल तिनं स्वतःही तुडवला होता. विचारलं तर कबूल करायची, पण घाईघाईनं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत तिनं टाइपरायटरवर बडवून 'रिकाम्या जागा भरा'चे ढीगभर कागद केले होते, कुठल्यातरी पुस्तकातून वाक्यं उचलून. गुरुवारी दुपारचा शेवटचा तास, समोर तीस पोरं आणि बाहेर फुटबॉलचं मैदान, अशा वेळी रिकाम्या जागा फार उपयोगी पडतात. पोरं गप्प बसतात आणि बाईंना वह्या तपासता येतात.

पण त्या कागदांवर ती थांबली नाही, एवढं तिच्या बाजूनं बोलायला हवं. चौदा नंबरच्या वर्गामागं एक अडगळीचं कपाट होतं, ते तिनं साफ केलं आणि भरायला घेतलं. शाळांसाठी कॅटलॉग निघतात, त्यात 'इस्लामची पेटी', 'शीख धर्माची पेटी' अशा नव्याकोऱ्या वस्तूंच्या पेट्या मिळतात. त्या तिनं कधी मागवल्या नाहीत. ती गावात फिरली. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या कांताबेननं काजळी धरलेलं निरांजन दिलं. पोलंडहून आलेल्या एका म्हातारीनं एक मणी हरवलेली जपमाळ दिली. कापडगिरणीतून निवृत्त झालेल्या सादिकमियाँनी नमाजाची चटई दिली, तिच्यावर दोन गुडघ्यांच्या जागा झिजून पांढऱ्या पडल्या होत्या. पोरांनी आधी हात धुवायचे, मगच हात लावायचा, असा नोरीनचा नियम. त्या दोन पांढऱ्या जागा बघून नववीतला दंगेखोर वर्गसुद्धा दोन मिनिटं चिडीचूप व्हायचा.

आणि त्याच कपाटात आयझिडोर पिन्स्कर यांची शाल होती.

पिन्स्कर हे हेल्मशॉमधले शेवटचे ज्यू. चाळीस वर्षं रेनकोटच्या कारखान्यात कापड बेतायचं आणि कापायचं काम केलेला माणूस. अंगानं चिपाड, पण जीभ तल्लख. नऊ वर्षांपूर्वी एके दिवशी ते खाकी कागदात गुंडाळलेलं पुडकं घेऊन शाळेत आले. आत पांढऱ्या लोकरीची मोठी शाल होती, काळ्या पट्ट्यांची, चारी कोपऱ्यांना गाठी मारलेले लांब दोऱ्यांचे चार गोंडे. ही त्यांची प्रार्थनेची शाल. ते तिला ताल्लिस म्हणायचे.

"घ्या बाई," ते म्हणाले. "पण उसनी आहे हं. बक्षीस नाही."

"मग घरीच असू दे ना, मिस्टर पिन्स्कर. इथं पोरांचे हात कसे असतात, तुम्हाला ठाऊक नाही."

"घरी कुणाला दाखवू? मांजराला? आमच्या सिनॅगॉगमध्ये आता गालिचे विकतात. दहा माणसं जमली की प्रार्थना, आणि आम्ही उरलो होतो दीड. तो अर्धाही गेल्या वर्षी गेला. शाल पांघरून आता बटाटे आणायला जाऊ?"

"बरं. परत कधी हवी?"

"ज्या दिवशी मला न्यायला येता येणार नाही, त्या दिवशी."

नोरीनला पटकन उमगलं नाही. मग त्यांनी सांगितलं. आमच्यात माणसाला त्याच्या स्वतःच्या शालीत पुरतात. ही माझ्या बापानं लग्नात दिलेली. मला हिच्यातच जायचंय, दुसऱ्या कुणाच्या उसन्या शालीत नाही.

"विसरलात ना, बाई, तर भूत होऊन तुमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसेन. आणि गृहपाठ अजिबात करणार नाही."

"नाही विसरणार," नोरीन म्हणाली. शब्द दिला. त्याच दिवशी कापडाच्या पट्टीवर मार्करनं लिहून तिनं ती पट्टी शालीच्या काठाला आतून टाचली. 'उसनी. परत करायची आहे.'

त्यानंतर दर मार्चमध्ये पिन्स्कर नववीला शिकवायला यायचे. शाल पांघरून दाखवायचे, गाठी मोजायला लावायचे, आपल्या मरणाबद्दलसुद्धा असं बोलायचे की पोरं खदाखदा हसायची. नोरीन मागच्या बाकावर बसून त्या तासात दहावीच्या वह्या तपासून घ्यायची. पाहुणा आला की शिक्षकाला तेवढीच फुरसत. मग त्यांचे पाय गेले आणि दोन वर्षं येणं थांबलं.

त्याच सुमारास शाळा एका ट्रस्टच्या ताब्यात गेली, आणि ट्रस्टनं कॅलम प्रुएट नावाचा अठ्ठावीस वर्षांचा अध्यापन-साहित्यप्रमुख पाठवला. ट्रस्टच्या अकरा शाळा, सगळ्यांना एकच स्लाइड, एकाच दिवशी, एकाच तासाला. स्लाइडवरचं वाचायचं, पोरांनी उतरवायचं, शेवटी 'दोन श्रद्धा लिहा, चार गुण.' हा प्रुएट उद्धट असता तर नोरीनला बरं गेलं असतं. तो उद्धट नव्हता. मऊ बोलायचा, स्टाफरूममध्ये सगळ्यांसाठी बिस्किटं आणायचा, आणि पाठीवरच्या सॅकमधून फिरता लॅमिनेटर घेऊन हिंडायचा. ज्या वस्तूला जीव आहे असं वाटेल ती उचलायची, तिचा फोटो काढायचा, खाली व्याख्या लिहायची आणि प्लॅस्टिकात घालायची, असा त्याचा खाक्या. बघून बघून नोरीनला शिसारी आली होती.

"तुमचं कपाट म्हणजे नुसता खजिना आहे हो," तो म्हणाला होता. "पण अकरा शाळांना कसा पुरायचा? फोटो पुरतो."

"गुडघ्यांचा फोटो काढशील, कॅलम. झिजणं कसं काढशील?"

"झूम करून," तो अगदी मनापासून म्हणाला.

तिच्या जुन्या ढिगातला एकच कागद मात्र त्यानं ठेवला होता, ज्यूंच्या अंत्यविधीवरचा, दहा रिकाम्या जागांचा. "हा एक नंबर आहे. अकराही शाळांत चालतो तुमचा कागद." नोरीननं नाक मुरडलं खरं, पण आतून बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीत तिला नागीण झाली. बरगडीखाली आग आग. दोन आठवडे ती घरी पडून होती. परत आली तो गुरुवार. मधल्या सुट्टीत ऑफिसातून निरोप आला, तुमचा फोन आहे.

"मी डेलिया," पलीकडून घोगरा आवाज आला. "आयझिडोर पिन्स्करांची मुलगी, लीड्सहून. बाबा गेले आज पहाटे."

"अरे देवा. डेलिया, मला खरंच..."

"झोपेत गेले, त्रास नाही झाला. हेस्केथबाई, त्यांच्या पाकिटात चिठ्ठी सापडली. 'ताल्लिस शाळेत आहे. बाई आणतील.' एवढंच लिहिलंय. आहे ना हो ती?"

"आहे तर."

"उद्या शुक्रवार. सूर्य मावळला की आमचा शब्बाथ लागतो, विश्रांतीचा पवित्र दिवस, मग रविवारपर्यंत काही नाही. म्हणून उद्या अकराला माती आहे, मँचेस्टरला. आंघोळ घालणारी मंडळी साडेआठला येतात. त्यांना तोवर शाल लागेल. नाही आली तर ते दफन मंडळाची एखादी देतील, पण बाबांनी..."

"साडेआठला मी दारात उभी असेन," नोरीन म्हणाली आणि फोन ठेवून तडक चौदा नंबरकडं निघाली.

कपाट उघडलं. आत तीन खणांत टॅबलेट चार्ज होत पडले होते, हिरवे दिवे लुकलुकत. ना निरांजन, ना जपमाळ, ना चटई. कपाटाच्या तळाशी धुळीत जपमाळेतून सुटलेला आणखी एक मणी तेवढा घरंगळत होता. नोरीननं तो उचलला, मुठीत घट्ट धरला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रुएट कॉम्प्युटरच्या खोलीत होता. "अरे वा, आलात! तब्येत कशी आहे?"

"कपाट कुठाय माझं?"

"हो, सांगणारच होतो. जागा हवी होती ना. काही फेकलं नाही हं! मोठ्या वस्तू नाटकवाल्यांना दिल्या. चटई त्यांना वाळवंटाच्या सीनला झकास..."

"शाल. पांढरी, काळ्या पट्ट्यांची. तिच्यावर पट्टी होती, परत करायची आहे म्हणून."

"वाचली की. मला वाटलं, जिल्ह्याच्या साहित्य केंद्राला परत करायची. ते तर चार वर्षांपूर्वीच बंद पडलं. म्हटलं चला, आपलीच झाली." त्याचा चेहरा उजळला. "पण ती तर मी सगळ्यांत छान वापरलीय! या ना, दाखवतो."

जिमखान्याकडं जाणाऱ्या बोळात, जिथं ओल्या बुटांचा आणि घामाचा वास कायमचा मुरलेला असतो, तिथं मोठा फलक होता. वर कापलेल्या रंगीत अक्षरांत 'जगातले धर्म'. आणि फलकाला अस्तर म्हणून पिन्स्करांची शाल. ताणून, चारी बाजूंनी स्टेपलच्या पिना ठोकून बसवलेली. तिच्यावर सहा लॅमिनेट केलेली चित्रं, तीही शालीच्या आरपार पिना मारून. खालच्या काठाला कुणाचा तरी चिखलाचा बूट लागला होता.

नोरीननं तो चिखल नखानं खरवडून बघितला.

"पोत दिसतोय ना कसा? अस्सल वाटतं," प्रुएट म्हणाला.

तिनं कोपऱ्यांवरून हात फिरवला. एक गोंडा. दुसरा. तिसरा. चौथ्या कोपऱ्याला बोट टेकलं तर तिथं नुसतंच भोक, आणि भोकाभोवती चार कुरतडलेले धागे.

"चौथा कुठाय?"

"तो? तो हाताळायला काढलाय. पोरं ओढतात ना. म्हणून एकच कापला, बाकीचे तसेच ठेवले." त्यानं खिशातून किल्ल्यांसारखा कडीत ओवलेला कार्डांचा जुडगा काढला आणि त्यातलं एक पुढं केलं. जाड प्लॅस्टिकच्या पोटात गोंडा चपटा होऊन पडला होता. आठही दोरे पसरलेले, गाठी दाबून पसरट झालेल्या, मध्ये हवेचे बुडबुडे. खाली छापलं होतं, 'त्सित्सित : ज्यू लोकांच्या शालीची झालर. ती त्यांना देवाच्या आज्ञांची आठवण करून देते.' आणि प्लॅस्टिकवर कुठल्यातरी पोराचे चिकट ठसे.

"कॅलम," नोरीन म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "या शालीचा मालक आज पहाटे गेला. त्याला उद्या हिच्यात पुरायचंय. मी शब्द दिलाय."

प्रुएट पांढराफटक पडला. "मला काय माहीत? मला कुणी सांगितलंच नाही..."

"पट्टीवर लिहिलं होतं."

"'परत करायची' लिहिलं होतं. कुणाला, ते कुठं होतं?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच नोरीनला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिनं दिली नाही. पिना उपसायचं यंत्र मागून घेतलं आणि एकेक पीन काढायला लागली. प्रुएटनं मदतीला हात पुढं केला. "लांब हो," ती म्हणाली, आणि तो लांब झाला. घंटा झाली, पोरं बोळातून धावत गेली, कुणीतरी ओरडलं, "मिस, धर्म पाडताय का?" तीसेक पिना निघाल्या. प्रत्येक पिनेमागं लोकरीत दोन बारीक भोकं राहिली.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं शाल पसरली. चिखल थंड पाण्यानं, हलक्या हातानं पुसला. पिनांची भोकं वाफेवर धरून बोटांनी चोळली तशी बरीचशी मिटली. चौथ्या कोपऱ्याचं मात्र काय करणार? गोंडा प्लॅस्टिकमधून सोडवावा म्हणून तिनं सुरी घेतली आणि ठेवून दिली. उरलेलाही फाटायचा.

मग तिनं शाल घडी घातली. तो कोपरा आत गेला. वरून बघितलं तर शाल धडधाकट. अशीच दारात द्यावी, वाकून नमस्कार करावा आणि निघून यावं. म्हाताऱ्याला काय कळणार आहे? डेलियाला तरी कुठं कळणार, ती काय कोपरे मोजत बसणार आहे? एकतीस वर्षं पोरांना 'खोटं बोलणं कधी योग्य ठरतं का? दोन्ही बाजू लिहा, बारा गुण' असले प्रश्न घातलेली बाई त्या घडीकडं बघत बसली आणि तिला सगळ्यांत जास्त शिसारी आली ती स्वतःच्या हुशारीची. घडी तिनं मोडली आणि पुन्हा घातली, कोपरा वर ठेवून.

शुक्रवारी साडेआठला ती मँचेस्टरच्या दफनभूमीत, विटांच्या त्या ठेंगण्या इमारतीच्या दारात उभी होती. पाऊस नव्हता, पण सगळं ओलं होतं. डेलिया आधीच आली होती. बापासारखीच चिपाड, डोळे सुजलेले. तिनं नोरीनचे दोन्ही हात धरले. "आणलीत. मला वाटलंच होतं."

नोरीननं हात हळूच सोडवून घेतले.

दार उघडून एक गोल चेहऱ्याचे, बाह्या वर सारलेले गृहस्थ बाहेर आले. गेर्शन अ‍ॅडलमन. आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं, आता मंडळींबरोबर मृतांना आंघोळ घालतात. त्यांनी शाल हातावर घेतली, उलगडली आणि सवयीनं कोपरे चाचपायला लागले. एक, दोन, तीन. बोटं थांबली.

"मिस्टर अ‍ॅडलमन, मला सांगायचंय," नोरीन भडाभडा बोलायला लागली. "डेलिया, तुलाही. माझ्या शाळेत कापला तो. मी आजारी होते. फलकाला लावली होती शाल, पिना मारून, आणि गोंडा कापला, लॅमिनेट करायला. चूक माझी आहे. जपेन म्हणाले होते, नाही जपली."

डेलियानं तोंडावर हात ठेवला. अ‍ॅडलमननी कोपरा डोळ्यांजवळ नेला, चष्मा वर करून बघितलं.

"कुणी कापला?"

"एका शिक्षकानं."

"कात्री बोथट होती. आयझिडोरनं बघितलं असतं तर त्याला कामावरून काढला असता." मग नोरीनकडं वळून ते म्हणाले, "पण बाई, रडता कशाला? एक कापायचाच असतो."

"काय?"

"माणूस गेला की शालीचा एक गोंडा आम्हीच कापतो. देवाच्या आज्ञा बांधलेल्या असतात त्यात. जिवंत माणसानं पाळायच्या. गेलेला माणूस सुटला त्यातून. त्याच्या खांद्यावर ते ओझं ठेवायचं नसतं." त्यांनी खिशातून लहानशी कात्री अर्धवट काढून दाखवली. "ही बघा, आणलीच होती मी. आयझिडोर तर दर वर्षी तुमच्या पोरांना करून दाखवायचा म्हणे, दोन बोटांची कात्री करून. मला सांगायचा, पोरं लोळतात हसून."

नोरीनच्या डोळ्यांसमोर मागचा बाक आला. दहावीच्या वह्या आल्या, लाल पेन आलं. पुढं हशा पिकलेला आणि ती मान वर न करता बरोबरच्या खुणा करत चाललेली. आणि मग तो कागद आला, अकराही शाळांत चालणारा, तिनंच टाइप केलेला. प्रश्न चौथा. 'दफनापूर्वी शालीचा एक गोंडा ______ टाकतात.' एक गुण. किती हजार पोरांना तिनं तो एक गुण दिला होता! काल रात्रभर चौथा कोपरा उशाशी घेऊन तळमळली, तरी आठवलं नाही. आठवणार कुठून? तिनं ते वाक्य उतरवलं होतं, ऐकलं कधीच नव्हतं. दोन वर्षं प्रुएटच्या नावानं भरलेली किळस उलटून तिच्याच अंगावर आली.

"म्हणजे काही बिघडलं नाही?" डेलियानं विचारलं.

अ‍ॅडलमननी कात्री परत खिशात सारली. "बिघडलं नाही असं कसं म्हणू? काम तेच. पण आम्ही आंघोळ घालताना, कापताना त्याचं नाव घेऊन माफी मागतो. हाताळलं, दुखावलं असेल, क्षमा कर, म्हणून. ते राहिलं." त्यांनी हात पुढं केला. "कापलेला कुठाय? तोही त्याच्याजवळ ठेवतो आम्ही."

नोरीननं पर्समधून कार्ड काढलं. ते हातात घेताच अ‍ॅडलमनचा गोल चेहरा आक्रसला.

"हे काय? याला काय केलंय? हे जमिनीत जाणार नाही हं. जे कुजत नाही ते आम्ही घालत नाही. लाकडाच्या पेटीला खिळासुद्धा नसतो आमच्या."

"कात्री द्या," नोरीन म्हणाली.

दाराबाहेरच्या बाकावर ती आणि डेलिया बसल्या, मांडीवर रुमाल पसरून. अ‍ॅडलमनची कात्री धारदार होती. नोरीननं कडेनं प्लॅस्टिक कापलं, डेलियानं नखानं वरचा थर सोडवला. आतला डिंक वितळून दोऱ्यांत बसला होता. ओढलं की लोकरीची लव निघून यायची. दोऱ्यामागून दोरा, श्वास रोखून. तासाभरानं आठातले सात सुटले, आठवा अर्ध्यावर तुटला. डेलियानं दोन्ही तुकडे रुमालात ठेवले.

"बाबा म्हणाले असते, कापडाचा इतका नास," ती म्हणाली आणि एकदम रडायला लागली.

अ‍ॅडलमन रुमाल न्यायला आले तेव्हा नोरीन उठून उभी राहिली. "आत मला येता येणार नाही ना?"

"नाही, बाई."

"मग इथूनच चालेल का? माफी?"

त्यांनी दार थोडं उघडं धरलं. आत फक्त पांढरी फरशी दिसत होती आणि पाण्याचा आवाज येत होता. "आयझिडोर पिन्स्कर," नोरीन म्हणाली, "तुम्ही बोलत होतात तेव्हा मी वह्या तपासत होते. क्षमा करा." मग दार लागलं.

अकराला माती झाली. शाल त्यांच्या अंगावर होती.

सोमवारी प्रुएट स्टाफरूममध्ये वाटच बघत होता. डोळे खरोखर ओले होते त्याचे. "मला दोन रात्री झोप नाही. नीट झालं का सगळं?"

तिनं सांगितलं. एक गोंडा कापतातच, हे ऐकून त्यानं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की बिस्किटांचा डबा हलला. "म्हणजे बरोबरच होतं की! चौथा प्रश्न! तुमचाच!" आणि पुढच्याच श्वासात त्यानं विचारलं, "फोटो काढलात का हो? 'मृत्यूनंतर' या पाठाला अस्सल काहीच नाहीये आपल्याकडं."

नोरीननं पर्समधून ते कापलेलं प्लॅस्टिक काढलं आणि त्याच्यासमोर टेबलावर टाकलं. आत काहीच नव्हतं. डिंकात गोंड्याचा ठसा तेवढा उमटला होता, आठ रेघा आणि गाठींचे खळगे, दोनचार लोकरीचे केस. खाली व्याख्या शाबूत. त्यानं ते उचललं, उजेडात धरलं, कडा सरळ केल्या.

"व्याख्या चांगली आहे. हे वापरता येईल अजून," तो म्हणाला.

नोरीननं ते प्लॅस्टिक त्याच्या हातातून काढून घेतलं आणि नववीच्या वर्गावर गेली.

पडद्यावर त्या दिवशीची स्लाइड लागली होती, अकराही शाळांत लागली होती तीच. पोरं पेनं आणि तो रिकाम्या जागांचा कागद काढून बसली होती. नोरीननं प्लॅस्टिक पहिल्या बाकावर ठेवलं. "मागं द्या, एकेकानं बघून." ते हातोहात फिरायला लागलं.

"मिस, हे रिकामं आहे," तिसऱ्या बाकावरची अनिका म्हणाली.

"हो. प्रश्न चौथा कुणाला पाठ आहे? दफनापूर्वी शालीचा एक गोंडा काय करतात?"

"कापून टाकतात!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

"कुणाचा?"

पोरं एकमेकांकडं, मग कागदाकडं बघायला लागली. कागदावर ते नव्हतं.

नोरीननं प्रोजेक्टर बंद केला, खुर्ची ओढून मागच्या बाकाजवळ नेली आणि बसली. "वळा इकडं सगळे," ती म्हणाली. "पेनं खाली ठेवा."